पिलाव्याचा रोग, जंतुभक्षक आणि आपली घाई

मधमाश्यांच्या अळ्या सडविणाऱ्या रोगावर जंतूंनाच खाणारा जंतू सापडला आहे. तो आपल्याकडे केव्हा मिळणार, असा प्रश्न अलीकडे मधपाळांच्या मेळाव्यांत हमखास विचारला जातो. विचारणारा बहुधा तरुण असतो. त्याने त्याविषयी कोठेतरी वाचलेले असते आणि त्या हंगामात त्याच्या एकदोन पेट्या खराब झालेल्या असतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. जंतुभक्षकाचा शोध खरा आहे व त्यावरील प्रयोगही खरे आहेत. परंतु 'येईल लवकरच' एवढे सांगून प्रश्नकर्त्याची बोळवण करणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण हा उपाय आपल्या दारी येण्यापूर्वी आपल्याला काही सवयी सोडाव्या लागतील आणि काही लावून घ्याव्या लागतील. त्या आपण लावून घेतल्या नाहीत, तर उत्तमातले उत्तम औषधही आपल्या हाती वाया जाईल, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या रोगावर हे प्रयोग चालले आहेत त्याचे नाव अमेरिकन फाउलब्रूड. नावात अमेरिका असली तरी रोग जगाच्या बहुतेक भागांत आढळतो. त्याच्या जंतूस शास्त्रज्ञ आज पीनिबॅसिलस लार्व्ही म्हणतात. या जंतूचे खरे बळ त्याच्या बीजाणूंत आहे. बीजाणू म्हणजे प्रतिकूल काळासाठी जंतूने धारण केलेले कवचबंद रूप होय. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीस दाई माशी अन्न भरविते, त्या अन्नातून बीजाणू अळीच्या पोटात जातात. एका दिवसाच्या अळीचा घात होण्यास दहाच्या आतबाहेर बीजाणू पुरेसे होतात; अळी दोन दिवसांहून मोठी झाली की तिला सहसा बाधा होत नाही. पोटात गेल्यावर सुमारे बारा तासांत बीजाणू उगवतात, जंतू वाढतात, अळीचे शरीर पोखरून खातात आणि तिचा तपकिरी, चिकट लगदा करून टाकतात. त्या एका मेलेल्या अळीत अडीचशे कोटींच्या घरात नवे बीजाणू तयार होतात. सफाई करणाऱ्या माश्या तोंडाने तो लगदा उपसू पाहतात आणि तेच तोंड पुढे दुसऱ्या अळीस अन्न भरविताना रोग पसरविते. लगदा वाळून घराच्या तळाशी खपली धरली की तिच्यातील बीजाणू पस्तीस वर्षांहूनही अधिक काळ जिवंत राहू शकतात. बापाच्या पेटीतील रोग मुलाच्या पेटीत उमटावा, असा हा चिवट शत्रू आहे.

आता जंतुभक्षकाविषयी. शास्त्रीय भाषेत यास बॅक्टेरियोफेज म्हणतात. १९१५ साली इंग्लंडमध्ये ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसमध्ये डेरेल यांनी स्वतंत्रपणे याचा शोध लावला. नाव डेरेल यांनी दिले. हा एक विषाणू आहे. परंतु तो माणसाला, जनावराला वा माशीला बाधत नाही. तो फक्त जिवाणूला बाधतो, आणि तोही वाटेल त्या जिवाणूला नव्हे. कुलपाला किल्ली लागावी त्याप्रमाणे विशिष्ट जिवाणूच्या पृष्ठभागास तो चिकटतो, आपले बीजद्रव्य आत सोडतो, त्या जिवाणूच्याच शरीरयंत्रणेकडून आपल्या शेकडो प्रती करवून घेतो आणि शेवटी त्यास फोडून बाहेर पडतो. बाहेर पडलेल्या प्रती शेजारच्या जिवाणूंवर तुटून पडतात. औषधाची मात्रा शरीरात उत्तरोत्तर कमी होत जाते. येथे मात्र शत्रू जितका अधिक तितका भक्षकही वाढत जातो, आणि शत्रू संपला की भक्षकालाही वाढण्यास जागा उरत नाही.

मधमाशीच्या या रोगजंतूचा भक्षक १९५५ सालीच शास्त्रीय नियतकालिकात वर्णिला गेला होता. पण त्याच सुमारास ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मधपाळांच्या हाती आले. ते स्वस्त होते, पिठीसाखरेत किंवा पाकात घालून देता येत होते, त्यामुळे भक्षकाकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. पुढे व्हायचे तेच झाले. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अमेरिका व अर्जेंटिना येथे या औषधास न जुमानणारे जंतू सापडू लागले, तेव्हा पुन्हा भक्षकाची आठवण झाली. अमेरिकेच्या युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांनी ठिकठिकाणच्या पेट्यांतून रोगजंतूचे ५९ वाण गोळा केले आणि त्या सर्वांना मिळून पुरे पडतील असे तीन भक्षक निवडून त्यांचे मिश्रण केले. रोगाचा धोका असलेल्या पेट्यांपैकी ज्यांना मिश्रण दिले त्या सर्व वाचल्या. न दिलेल्यांपैकी शेकडा ८० पेट्यांना रोग झाला. आधीच रोग जडलेल्या पेट्याही दोन आठवड्यांत सुधारल्या. मात्रा जास्त झाली तरी माश्यांची मरतूक वाढली नाही. उलट निरोगी पेट्यांना खबरदारी म्हणून प्रतिजैविक दिले तेव्हा त्या पेट्यांची प्रकृती काहीही न दिलेल्या पेट्यांपेक्षा खालावली.

हे आकडे ऐकून कोणाच्याही मनात आशा उत्पन्न व्हावी. परंतु त्याच संशोधकांनी प्रयोगातील पेट्यांची संख्या लहान होती, हेही प्रामाणिकपणे नमूद केले आहे, ते आपण विसरू नये. मूठभर पेट्यांत जे घडले ते हजार पेट्यांत, निराळ्या हवामानात, निराळ्या फुलोऱ्यावर घडेलच असे नाही. नव्या वाणाचे बियाणे आपण एका वाफ्यात पाहून लगेच सगळ्या रानात पेरीत नाही. त्यातलाच हा प्रकार समजावा.

शिवाय या उपायाच्या काही अंगभूत मर्यादा आहेत. पहिली आणि सर्वांत मोठी ही की, भक्षकाची वाढ उगवलेल्या, चालत्याबोलत्या जिवाणूतच होते. कवच पांघरून झोपलेल्या बीजाणूत त्यास वाढता येत नाही. म्हणजे आजच्या अळ्या वाचल्या तरी जुन्या पोळ्यातील खपल्या, मधातील बीजाणू आणि लाकडाच्या फटींत दडलेले बीजाणू जागच्या जागी राहतात. प्रतिजैविकाचेही हेच वैगुण्य आहे. दुसरी अडचण अळीच्या अन्नातच आहे. पोर्तुगालमधील मिन्यो विद्यापीठातील मंडळींनी २०१९ साली एक परिचित भक्षक नमुन्यादाखल घेऊन तो माश्यांना खाऊ घातला व अंगावर फवारला. तो अळ्यांपर्यंत पोहोचला खरा. परंतु लहान अळीला मिळणारे राजान्न आंबट असते, त्या आम्लात त्याचे बळ घटले. तिसरी अडचण भक्षकांच्या स्वभावाची. एके काळी आपल्या राजकारणात होते तसे भक्षकांतही जहाल आणि मवाळ असे दोन पक्ष आहेत. जहाल भक्षक जंतूला फोडतोच. मवाळ भक्षक मात्र कधी फोडतो, तर कधी त्याच्याशी जुळवून घेऊन त्याच्याच शरीरात घर करतो, आणि एका जंतूचे गुण दुसऱ्याकडे नेण्याचाही संभव असतो. या रोगजंतूचे आजवर सापडलेले बहुतेक भक्षक मवाळ पक्षाचे आहेत. म्हणून औषधासाठी भक्षक निवडणे हे प्रयोगशाळेतील जाणकाराचे काम आहे. रोगट पेटीखालची माती पाण्यात कालवून दुसऱ्या पेटीवर शिंपडण्याचे नव्हे. असा प्रयोग करू पाहणारा एक उत्साही मधपाळ मला भेटला होता. त्याने भक्षक पसरविले असते की बीजाणू, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

हे सारे अमेरिकन रोगाविषयी झाले. आपल्या पेट्यांतून काय चालले आहे, याकडे आता वळले पाहिजे. महाराष्ट्रात सातेरी माशीच्या पिलाव्यात जो जिवाणुरोग १९७१ साली प्रथम नोंदला गेला तो युरोपियन फाउलब्रूड होय. त्याचा जंतू मेलिसोकोकस हा सर्वस्वी निराळा आहे. तो बीजाणू धरीत नाही, अळीला बहुधा घरावर झाकण येण्यापूर्वीच मारतो आणि जोमदार वसाहत पुष्कळदा त्यातून स्वतःच सावरते. अमेरिकन रोगासाठी निवडलेला भक्षक या जंतूपुढे निरुपयोगी ठरेल, कारण किल्ली त्या कुलपाची नाही. तिसरा रोग म्हणजे पिशवी रोग, थाई सॅकब्रूड. तो तर जिवाणूचा नव्हेच, विषाणूचा आहे. १९९१-९२ पासून दक्षिण भारतात त्याने सातेरीच्या असंख्य वसाहती बुडविल्या. त्यावर प्रतिजैविक चालत नाही आणि जंतुभक्षकही चालणार नाही.

हा भेद कागदावर सोपा वाटतो. पेटीपुढे उभे राहिल्यावर तो किती अवघड होतो याचा अनुभव मला स्वतःलाच आला आहे. काही वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका गावी एका मधपाळाच्या चौदा सातेरी पेट्या पाहण्यास गेलो होतो. दिवस मावळतीचा होता, पाऊस झिमझिमत होता. एक चौकट काढून पाहिली, मेलेल्या अळ्या दिसल्या आणि मी 'जिवाणुरोग दिसतो' असे बोलून गेलो. काडी लावून पाहिली नाही, अळी चिमट्याने उचलून पाहिली नाही. मधपाळाने दुसऱ्याच दिवशी तालुक्याच्या गावी जाऊन औषधाच्या दुकानातून माणसांसाठीच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणल्या, फोडून पाकात कालविल्या आणि सर्व पेट्यांना दिल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो तेव्हा अळ्या पाण्याने भरलेल्या पिशव्यांसारख्या चिमट्यात लोंबू लागल्या. तो पिशवी रोग होता. चौदांपैकी अकरा पेट्या गेल्या. औषधाने त्या वाचल्या नाहीत. उरलेल्या तीन पेट्यांतील मध त्या वर्षी विकण्याजोगा राहिला नाही. मधपाळ मला काही बोलला नाही. "साहेब, तुम्ही घाईत होता," एवढेच त्याची पत्नी म्हणाली.

तेव्हापासून पाकात गोळी घालण्याच्या सवयीविषयी मी अधिक कठोर बोलू लागलो आहे. ही सवय आपल्याकडे किती खोलवर रुजली आहे हे गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. रोग असो वा नसो, फुलोरा संपला की 'शक्तीसाठी' गोळी दिली जाते. तिने रोगाची लक्षणे दबतात, बीजाणू तसेच राहतात, आणि निरोगी दिसणारी पेटी विकली किंवा फुलोऱ्यावर दुसऱ्या गावी नेली की रोगही तिच्याबरोबर जातो. माशीच्या पोटात तिच्या उपयोगाचे जे जंतू असतात तेही या औषधाने मरतात. टेट्रासायक्लिन दिलेल्या माश्या पेटीत परत सोडल्यावर कमी जगल्या, असे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या २०१७ सालच्या प्रयोगात दिसून आले. औषधाचा अंश मधात उतरतो तो वेगळाच. २०१० साली युरोपीय संघाने भारतीय मधाची आयात थांबविली, त्याच्या कारणांत प्रतिजैविकांचे अंश हे एक होते. एका मधपाळाच्या गोळीची किंमत अशा वेळी सगळ्या देशाला मोजावी लागते.

जंतुभक्षकाचे अगत्य मला वाटते ते याच कारणामुळे. तो पोटातील उपयोगी जंतूंना हात लावीत नाही आणि मधात प्रतिजैविकाचा अंश ठेवीत नाही. परंतु जी व्यक्ती आज निदान न करता कॅप्सूल फोडते, तीच उद्या निदान न करता भक्षकाची बाटली ओतील. कॅप्सूल निदान अनेक जंतूंवर चालते. भक्षक एकावरच चालतो. म्हणजे चुकीच्या निदानाची शिक्षा त्या वेळी अधिकच कडक होणार. जंतूही स्वस्थ बसणार नाहीत. एकच भक्षक वारंवार वापरला तर त्यालाही दाद न देणारे वाण निपजतात. म्हणूनच तिघांचे मिश्रण करावे लागले.

रोगट पेटी जाळण्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. न्यूझीलंडमध्ये अमेरिकन फाउलब्रूडवर प्रतिजैविक देण्यास मनाई आहे. रोगट वसाहत नष्टच करावी लागते. आपल्याकडे कोणी पेटी जाळा म्हटले की मधपाळाच्या पोटात गोळा उठतो, आणि ते स्वाभाविक आहे. पेटी कर्जाने घेतलेली असते. जंतुभक्षक आला की जाळण्याची पाळी येणार नाही, अशी आशा काहीजण बोलून दाखवितात. माझे मत तसे नाही. बीजाणू जोवर खपलीत आहेत तोवर रोगट पोळी जाळण्यास पर्याय दिसत नाही. भक्षकाचा उपयोग शेजारच्या, अद्याप न लागण झालेल्या पेट्या वाचविण्यासाठी अधिक होईल. अमेरिकेत २०२३ सालापासून राणीमाशीला अन्नातून देण्याची एक लसही सशर्त परवान्याने आली आहे. तिचा रोखही आधी संरक्षण करण्याकडेच आहे. म्हणून जाळलेल्या पेटीची भरपाई मधपाळास कशी मिळेल याचा विचार शासनाने आजच करावा. भरपाई नसेल तर मधपाळ रोग लपवील, आणि लपविलेला रोग कोणत्याच औषधाने हटत नाही. युरोपियन रोगात मात्र पेटी जाळण्याचे कारण नाही. फार खराब पोळी काढून टाकावी, राणी बदलावी, वसाहत सशक्त ठेवावी. रोगाच्या नावात चूक झाली तर चांगली पेटी आगीत जाईल किंवा वाईट पेटी वाचेल, दोन्ही नुकसानच.

दुसरी गोष्ट संशोधनाची. जंतुभक्षक हा आपल्या देशास परका नाही. गंगायमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे, असे हँकिन यांनी १८९६ साली लिहून ठेवले होते. स्वतः डेरेल १९२७ साली भारतात आले आणि पटकीवर भक्षकाचे प्रयोग केले. पुढे प्रतिजैविकांचे युग आले आणि ते काम मागे पडले. भक्षक बहुधा तेथेच सापडतो जेथे त्याचा जंतू असतो: पेटीखालच्या मातीत, जुन्या मेणात, मेलेल्या अळीत. अमेरिकेतील पेट्यांतून निवडलेला भक्षक आपल्या जंतूंच्या वाणांना लागू पडेलच असे नाही. सातेरीच्या रोगासाठी तर परदेशातून काही येण्याची वाट पाहण्यात अर्थच नाही. सातेरी ही त्यांची माशी नव्हे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे, कृषी विद्यापीठे आहेत, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. आपल्या पेट्यांतील जंतू आणि त्यांचे भक्षक यांचा संग्रह आपणच केला पाहिजे. परंतु प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला नमुना कोण देणार? तो गावातूनच आला पाहिजे.

तो कसा पाठवावा, हे सांगतो. पेटी उघडली आणि पिलावा ठिकठिकाणी रिकामा, विस्कळीत दिसला, झाकणे खोलगट, काळपट वा भोके पडलेली दिसली, तर अशा घरात आगपेटीची काडी घालून सावकाश बाहेर काढावी. लगदा दोनतीन सेंटिमीटर तारेसारखा ओढला गेला तर अमेरिकन रोगाचा दाट संशय धरावा आणि ती काडी तेथेच जाळावी. तार निघाली नाही, झाकण न आलेल्या अळ्या वेड्यावाकड्या पडून पिवळसर झाल्या असतील व आंबूस वास येत असेल तर युरोपियन रोगाचा संशय धरावा. अळी चिमट्याने उचलता पाण्याच्या पिशवीसारखी लोंबली तर तो पिशवी रोग समजावा. तिन्ही बाबतींत खात्री प्रयोगशाळेतच होते, म्हणून रोगट पिलाव्याचा सुमारे दहा सेंटिमीटर लांबरुंद तुकडा कापून घ्यावा. त्यात मध नसावा. तो साध्या कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, बुरशी धरते. बरोबर गाव, तारीख, माशीची जात, एकूण पेट्या, रोगट पेट्या आणि गेल्या सहा महिन्यांत कोणते औषध दिले ते खरे लिहावे. पटाशी विस्तवावर तापवून घ्यावी, हात साबणाने धुवावेत आणि मगच पुढची पेटी उघडावी. उत्तर येईपर्यंत त्या पेटीतील चौकट, मध वा माशी दुसऱ्या पेटीत घालू नये, आणि पाक द्यावा लागलाच तर तो नुसत्या साखरेचा द्यावा.